त्याचं ‘हो’ म्हणजे कबुली नव्हे

“मोटर तू नेलीस ना?” “हो.” “एकट्यानेच ना?” “हो.” आमच्या वाडीतला एक पोरगा जामिनावर सुटून आला त्या संध्याकाळी ओट्यावर चार जण त्याला घेरून विचारत होते. मी मध्येच विचारलं, “काल दिवसभर तू खोपोलीला होतास ना रे?” “हो काकू.” काल तो कोठडीत होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पोरगा बावीस वर्षांचा. शब्दाला शब्द जोडून बोलतो, म्हणून लोकांना वाटतं त्याला सगळं कळतं. पण तारीख, पैसे, घड्याळ यांचा मेळ त्याला लागत नाही. समोरचा रागावू नये म्हणून तो हो म्हणतो. एका फार्महाऊसची पाण्याची मोटर काढायला दोघांनी त्याला पाठवलं. ते पळाले, हा मोटर मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिला.

कर्जतकरांनो, खालापूरकरांनो, असा कुणी तुमच्या वाडीत परत आला असेल तर आधी एवढं समजून घ्या. वेणगावला डॉ. भरत वाटवानींचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवायचं हे काम, त्यासाठी २०१८ साली डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मनोरुग्ण वेगळा आणि बौद्धिक दिव्यांग वेगळा. आमच्या पोरासारख्या बौद्धिक दिव्यांगाची समज लहानपणापासूनच कमी वाढलेली असते, ती गोळीने वाढत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही त्याला आजारी धरत नाही. तेव्हा ‘बरा होऊन येऊ दे, मग बघू’ असं म्हणू नका. तो आहे तसाच आपल्यात राहणार आहे.

सगळ्यात मोठा घोळ तारखेचा होतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात समन्स येतं ते बंद दाराला. तारीख चुकते, वॉरंट निघतं आणि मूळ चोरीपेक्षा गैरहजेरीच जड होऊन बसते. म्हणून कुणी तरी एकाने, वाडीवरच राहणाऱ्याने, त्याच्या तारखा आपल्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. आदल्या रात्री सांगावं आणि सकाळी सोबत जावं. वकिलाची फी लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करा, नाही तर १५१०० ला फोन लावा. दिव्यांग प्रमाणपत्र नसेल तर आधी त्याच्या मागे लागा. त्यासाठीच्या अलिबागच्या खेपेत दिवस मोडतो, तरी जा.

गुन्हा लहान असेल तर १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली कोर्ट त्याला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडू शकतं. मग घरी त्याच्याकडे बघणारं कोण, हा प्रश्न येतोच. त्या वेळी गाव गप्प बसलं तर त्याच्या बाजूने बोलायला कुणी उरत नाही. आसामचा माचांग लालुंग १९५१ मध्ये पकडला गेला तो २००५ मध्ये सुटला. चौपन्न वर्षं, खटला न चालता. एवढी वर्षं त्याच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं.

ज्याची मोटर गेली त्याचा राग खोटा नाही. त्याच्याकडे पोराला घेऊन जा, माफी मागायला लावा, भरपाईचं घरच्यांशी बोला. गुन्हा अंगावर हात टाकण्याचा असेल तर लहान मुलांसोबत त्याला एकटं सोडू नका, आणि हे त्याच्या आईला स्पष्ट सांगा. चुकला तर तिथल्या तिथे, दोन शब्दांत सांगा: “हे नाही. हे चालेल.” आठवड्याने काढलेली खरडपट्टी कशासाठी, हेच त्याला कळत नाही. कोऱ्या कागदावर त्याचा अंगठा घेऊ देऊ नका. आणि “जा रे, तेवढं घेऊन ये” म्हणून त्याला पाठवणारे ते दोघे अजून याच रस्त्यावर फिरतात, त्यांच्यावर नजर ठेवा.

आमचा पोरगा सध्या चहाच्या टपरीवर पाण्याचे हंडे भरतो. रोज तेच हंडे, तीच वेळ, मजुरी आईच्या हातात. सोमवारी त्याची तारीख आहे. मी सोबत जाणार आहे, पण परतीला मला उशीर होईल. साडेपाचला स्टेशनवरून त्याला घरी आणायला कोण येतंय?