परकोटाच्या आतलं चंद्रपूर

रविवारी मेस बंद असली की आपली पावलं जटपुरा गेटकडे वळतात. तर्री-पोहे, थोडी खरेदी, ट्रॅफिकला दोन शिव्या आणि परत होस्टेल! पण त्या गेटला लागून गोंडराजांचा परकोट आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी मान वर करून पाहिलंय? खरं सांगतो, मीसुद्धा दोन वर्षं पाहिलं नव्हतं.

जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या असलेला हा कोट जुन्या शहराला वेढून आहे. मुख्य बाजार आत, दाट वस्तीही आत. शहर बाहेर पसरलं, नवी घरं-दुकानं बाहेर गेली आणि कोट म्हणजे घरामागची कचरा फेकायची जागा होऊन बसला. बुरुजांवर झुडपं माजली.

१ मार्च २०१७ ला 'इको-प्रो' संस्थेचे बंडू धोत्रे आणि त्यांचे कार्यकर्ते कोटावर चढले. रोज सकाळी झुडपं तोडायची, कचरा उपसायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या कामाचा उल्लेख केला, तोवर ते दोनशे दिवस चाललं होतं. पुढे याच कोटावरून हेरिटेज वॉक सुरू झाले.

काही मित्र म्हणतात, किल्ला पुरातत्त्व खात्याचा, मग पोरांनी कशाला राबायचं? मुद्दा बरोबर आहे. दगड बसवणं, चुन्याची डागडुजी हे जाणकारांचंच काम. पण कचरा उचलायला कुठली डिग्री लागते? आणि आपल्या हाताने साफ केलेल्या जागी माणूस परत घाण टाकत नाही.

तरीही माझ्या मते सफाई म्हणजे अर्धंच काम. पिंपळाचं मूळ आत राहिलं तर पावसाळ्यात परत फुटतं, सांधे उकलतं. कचऱ्याचंही तसंच. गल्लीत घंटागाडी शिरत नसेल, नाली तुंबत असेल, तर माणूस कचरा टाकणार कुठे? म्हणून कोटाला लागून राहणाऱ्यांना गुन्हेगार ठरवून चालणार नाही. 'सौंदर्यीकरण' म्हणून त्यांना उठवणं तर मुळीच नको. ते तिथे आहेत म्हणूनच जुनं शहर जिवंत आहे. राखणदारी तेच करू शकतात.

आता आपलं बघा. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला ऑटो लेव्हल घेऊन आपण दरवर्षी त्याच ग्राउंडच्या लेव्हल्स काढतो. सीनियरची फाईल समोर असतेच! त्याऐवजी पठाणपुरा किंवा बिनब्याच्या एखाद्या गल्लीतल्या नाल्यांचे उतार मोजले तर? पाणी कुठे अडतं, गाडी कुठवर जाते, हे नकाशावर मांडून वॉर्डातल्या लोकांना दिलं, तर महापालिकेत जाताना त्यांच्या हातात काहीतरी ठोस असेल.

सरांनी परवानगी द्यावी, आम्ही पोरं जमवतो. पोहे तिकडेच खाऊ.