आकडा कशाचा?

गोळीच्या स्ट्रिपवर छापलेला आकडा एका गोळीतल्या औषधद्रव्याचे वजन सांगतो, गोळीचे नव्हे. थायरॉक्सिनच्या ५० मायक्रोग्रॅमच्या गोळीत औषध नखाच्या टोकावरही दिसणार नाही इतके कमी असते. बाकी सारी पूरक द्रव्ये. १ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम आणि १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, हे फार्मासिस्टला पाठ असते. चूक होते ती दशांश चिन्हापाशी. चिठ्ठीवर ०.०५ मिलिग्रॅम आणि स्ट्रिपवर ५० मायक्रोग्रॅम ही एकच मात्रा. पण घाईत चिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट होते किंवा एकदशांशावर येते. म्हणून इतक्या लहान मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, पूर्णांकात आणि एककाचे नाव पूर्ण लिहूनच नोंदवाव्यात. ५.० असे लिहू नये, ते ५० वाचले जाते. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना चिन्हाआधीचे शून्य गाळू नये.

यापेक्षा अवघड प्रश्न आहे तो हे वजन नेमके कशाचे, हा. क्लोरोक्वीन फॉस्फेटच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळीत क्लोरोक्वीन बेस १५० मिलिग्रॅमच असतो, आणि मलेरियाच्या उपचारातली मात्रा बेसमध्ये मोजतात. साठ किलो वजनाच्या प्रौढाला पहिल्या दिवशी किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे ६०० मिलिग्रॅम बेस लागतो. त्याच्या गोळ्या होतात ४. क्षाराचा आकडा धरून भागाकार केला तर जेमतेम अडीच गोळ्या हातात पडतील आणि मलेरियाचा उपचार अपुरा राहील. मेटोप्रोलॉल सक्सिनेट ४७.५ मिलिग्रॅम हे मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ५० मिलिग्रॅमशी समतुल्य असते; १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमधून कॅल्शियम मिळते ५०० मिलिग्रॅम. ही समतुल्यता स्ट्रिपवर बारीक अक्षरांत छापलेली असते. पर्यायी ब्रँड देताना तीच ओळ आधी वाचायला हवी.

पातळ औषधात वजनाला आकारमानाची जोड लागते. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचे, तर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमच्या ड्रॉप्सचे दीड मिलिलिटर पुरतात. ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅमच्या सिरपचे ३ आणि १२५ च्या सिरपचे ६ मिलिलिटर लागतात. ‘एक चमचा’ असे सांगून ड्रॉप्सची बाटली दिली, तर बाळाला ५०० मिलिग्रॅम जाईल. मात्रा मिलिलिटरमध्ये सांगावी आणि मापाची टोपी किंवा ड्रॉपर दाखवून द्यावा.

आंतरराष्ट्रीय एककाला एकच गुणक नसतो, तो द्रव्यागणिक बदलतो. ड जीवनसत्त्वाची ४० एकके म्हणजे १ मायक्रोग्रॅम. म्हणून ६०,००० एककांची कॅप्सूल म्हणजे दीड मिलिग्रॅम. हा हिशेब इन्सुलिनला लावता येत नाही. भारतात इन्सुलिनच्या कुप्या बहुधा मिलिलिटरला ४० युनिटच्या, तर पेनमधली कार्ट्रिज १०० युनिटची असते. कार्ट्रिजमधले इन्सुलिन लाल टोपीच्या, ४० युनिटच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट टोचली जातात. उलट कुपीतले इन्सुलिन केशरी टोपीच्या, १०० युनिटच्या सिरिंजने २० पर्यंत घेतले तर मिळतात फक्त ८. म्हणून सिरिंज मागितली की रुग्णाकडचे इन्सुलिन कुठले, हे विचारूनच ती काउंटरवर ठेवावी.