वाद्य कोणाचे?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, जी कोणी वापरत नाही, पण विकायची म्हटली की सगळ्यांचे चेहरे उतरतात? आमच्या घरात अशी एक सतार होती. ती ठेवावी की विकावी, यावर घरात अख्खा उन्हाळा वाद चालला. त्यातून माझे जे मत बनले, ते आज तुमच्यापुढे मांडते. ते तुम्हांला पटलेच पाहिजे असे नाही.

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात अवसरी बुद्रुक हे आमचे गाव. घर शेतकऱ्याचे. कांदा, बटाटा पिकवावा आणि मंचरच्या बाजारात न्यावा, असा आमचा संसार. अशा घरात सतार आली ती माझ्या चाचांमुळे. नोकरीनिमित्त पुण्यात असताना त्यांना सतारीचा नाद लागला. १९९६ साली त्यांनी पगारातून पैसे साठवून थेट मिरजेहून सतार आणली. गावी परतल्यावर शेतीच्या कामात त्यांचा सराव कमी होत गेला. तरी ईदच्या संध्याकाळी ते गवसणी काढत, तारा जुळवत आणि थोडा वेळ वाजवत. २०१६ साली चाचा गेले. त्यानंतर ती सतार खुंटीला टांगलेलीच राहिली.

सतार म्हणजे काय, हे तुम्हांला उर्दूमुळे लवकर समजेल. 'सेह' म्हणजे तीन आणि 'तार' म्हणजे तार. 'सेहतार' या फारसी शब्दावरून हे नाव आले, असे मानतात. आजच्या सतारीला मात्र तीन नव्हे, सहा-सात मुख्य तारा असतात आणि त्यांच्याखाली अकरा ते तेरा बारीक तारा असतात. त्यांना तरफेच्या तारा म्हणतात. वरची तार छेडली की खालच्या तारा न छेडता आपोआप गुंजू लागतात.

मिरजेत ही वाद्ये कशी बनू लागली, ती हकिकतही ऐकण्यासारखी आहे. तेथील शिकलगार घराणी तलवारी, भाले अशा शस्त्रांना धार लावण्याचे काम करीत. 'शिकलगार' म्हणजे तुमच्या उर्दूतला 'सैकलगर'. पुढे इंग्रजी अमलात लढाया थांबल्या आणि हे काम बसले. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये दुरुस्त करायला आणि मग बनवायला सुरुवात केली. त्यांच्या वंशजांनी ही कला आजपर्यंत चालवली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

या सतारीचा भोपळा पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेच्या काठी पिकतो. तो खाण्याचा भोपळा नव्हे. तो मोठा, जाड सालीचा असतो. तो पूर्ण वाळवून, आतून कोरून त्यावर लाकडी दांडी बसवतात. आपल्या आंबेगाव तालुक्यातून वाहणारी घोड नदी पुढे भीमेलाच मिळते. म्हणजे आमच्या घरच्या सतारीच्या भोपळ्यात आमच्या घोड नदीचेही थोडे पाणी असेल, असे चाचा हसून सांगत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चाचीच्या घराचे पत्रे गळत होते. पावसाळ्याच्या आत ते बदलायला हवे होते. त्याच वेळी महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्याने सतार बारा हजार रुपयांना मागितली. त्याला ती भिंतीवर शोभेसाठी लावायची होती. माझा मोठा भाऊ म्हणाला, "नुसती टांगून ठेवण्यापेक्षा विकून टाका. पत्रे तरी होतील." अम्मी म्हणाली, "माणसाची आठवण अशी विकतात का?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते.

अम्मीच्या मताचा विचार मी आधी केला. आठवण पैशांत मोजता येत नाही, हे खरेच आहे. पण एके दिवशी मी गवसणी सोडून पाहिली. तारांवर गंज चढला होता. दोन तुटल्या होत्या. पडद्यांचे दोरे सैल होऊन पडदे खाली सरकले होते. पावसाळ्यातील ओलीने खुंट्या फुगून घट्ट बसल्या होत्या. आपण सतार जपून ठेवली आहे, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात ती आमच्या डोळ्यांसमोर मरत होती. तलवार असो वा सतार, न वापरता ठेवली तर गंजतेच. म्हणून केवळ टांगून ठेवणे याला मी जपणे म्हणत नाही.

मग भावाचे मत बरोबर होते का? तेही मला पूर्ण पटले नाही. हॉटेलच्या भिंतीवरही सतार टांगलेलीच राहणार होती. फरक इतकाच, की आमच्या भिंतीवर ती कोणाची तरी होती. तेथे ती कोणाचीच नसती.

आमच्या जवळच नारायणगाव आहे. ते तमाशाचे माहेरघर मानले जाते. यात्रांच्या हंगामात तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी सुपारी द्यायला येतात. त्या राहुट्यांत ढोलकी, हलगी, तुणतुणे कधी धूळ खात पडत नाही. तेथे वाद्य म्हणजे रोजची भाकरी. शाई सैल पडली तर ढोलकीवाला त्याच दिवशी ती नीट करून घेतो. वाद्य वाजवणाऱ्याच्या हातातच सुरक्षित राहते, हे मला तेथे कळले.

दुसरे उदाहरण उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे. ते उत्तर प्रदेशातील कैराना गावचे. पुढे ते मिरजेत स्थायिक झाले. एवढे मोठे गायक असूनही वाद्यांची दुरुस्ती ते स्वतःच्या हाताने करीत. १९३७ साली त्यांचे निधन झाले. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि तेथील उरुसात आजही संगीत सभा होते. पण त्यांचे गाणे टिकले ते कबरीमुळे नाही. त्यांनी सवाई गंधर्वांना शिकवले आणि सवाई गंधर्वांनी भीमसेन जोशी यांना व गंगूबाई हनगल यांना शिकवले, म्हणून ते टिकले. शिकणाऱ्याला दिलेली गोष्टच पुढे जाते.

हा विचार करता करता मला एक मुलगी आठवली. ती शेजारच्या गावची, कॉलेजात शिकणारी. तिने सतारीची शिकवणी लावली होती, पण स्वतःची सतार नव्हती. गुरुजींकडे जाईल तेवढाच तिचा सराव. मी उत्साहाने घरी जाहीर केले, "सतार तिला फुकट देऊन टाकू!"

चाची इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "बेटा, छप्पर माझे गळते आहे आणि दान तू करते आहेस?"

मी खजील झाले. सतार चाचांची होती, म्हणून आता तिच्यावर चाचीचा आणि तिच्या मुलांचा हक्क होता. आम्ही सगळे वाद घालत होतो, पण तिला कोणीच विचारले नव्हते. दुसऱ्याच्या वस्तूवर उदार होणे फार सोपे असते.

मग मुलांशी बोलून चाचीनेच निर्णय घेतला. सतार त्या मुलीला आठ हजारांना द्यायची. दोन हजार आधी आणि बाकीचे दरमहा पाचशे. अट एकच. हप्ता तिने स्वतः आणून द्यायचा आणि सतार घेऊन यायचे. मुलीने मिरजेच्या कारागिराकडून नव्या तारा चढवून आणि जवारी काढून घेतली. ती वर्षभर दर महिन्याला येत राहिली. पहिल्या महिन्यात तिला नीट वाजवता येत नव्हते. चाचीने तरी चहा होईपर्यंत ऐकले. पत्रे मात्र त्या पावसाळ्यात निम्मेच बदलून झाले. उरलेल्या छपराखाली चाचीने पातेली ठेवली. हेही मी तुमच्यापासून लपवत नाही, कारण चांगल्या निर्णयाचीही किंमत मोजावी लागते.

मित्रांनो, प्रत्येक जुनी वस्तू विकावी, असे माझे म्हणणे नाही. घरात शिकणारे कोणी असेल, तर वाद्य अवश्य ठेवा. तारा बदला, रोज अर्धा तास बसा. गिटार असो, बाजाची पेटी असो किंवा तबला असो, नियम एकच. पण 'कधीतरी शिकू' असे म्हणत वर्षानुवर्षे कोंडून ठेवू नका. देण्याआधी मात्र दोन प्रश्न विचारा. ही वस्तू खरोखर कोणाची आहे? आणि ती कोणाच्या हातात जिवंत राहील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नका. माझी चूक तेथेच झाली होती.