नवा घ्या, काका!

या जगात हळू चालणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत. कोर्टातला दावा हळू चालतो. रस्त्याचे काम हळू चालते. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणारा तर इतका हळू चालतो, की तो आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा लोक विडा चघळीत असतात. पण म्हणून ‘हे कोर्ट टाकून द्या, नवे घ्या’ असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. हळू चालतो एवढ्याच गुन्ह्यासाठी ज्याला तडकाफडकी भंगारात काढण्याची शिक्षा होते असा प्राणी एकच. घरातला जुना कॉम्प्युटर!

आमच्या घरी २०१४ सालचा एक आहे. चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, आणि जमिनीवर ठेवला तर मांजराला वर बसायला सोयीचे पडेल असे खोके. तो मंद झाला म्हणून मी एका दुकानात चौकशीला गेलो. आमच्या सोलापुरात अनोळखी माणसालाही ‘मालक’ म्हणण्याची रीत आहे. पण काउंटरमागच्या पोराने माझ्याकडे पाहिले आणि सरळ ‘काका’ म्हटले. तिथेच मी निम्मा खटला हरलो.

“किती सालचा आहे, काका?”

“२०१४.”

पोराने जीभ टाळूला लावून ‘च्च’ केले. रुग्णाच्या नातेवाइकांना बाहेर बोलावून घेताना डॉक्टर करतात तसे.

“आता काय ठेवलालाव त्याला? नवा घ्या, काका!”

मशीन न बघता! वैद्यसुद्धा आधी नाडी धरतो हो. ज्योतिषी निदान पत्रिका तरी मागतो. इथे नुसते जन्मसाल विचारून मृत्यूचा दाखला.

मंडळी, माझे भांडण या पोराशी नाही. त्याला बिचाऱ्याला माल खपवायचा आहे. माझे भांडण त्याच्या तोंडून बोलणाऱ्या एका समजुतीशी आहे. ती समजूत म्हणजे, कॉम्प्युटर माणसासारखा म्हातारा होतो, त्याचे गुडघे जातात आणि मग तो हळू चालतो. हे साफ खोटे आहे. जी बेरीज करायला त्या प्रोसेसरला २०१४ साली जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. तो थकलेला नाही. त्याच्या डोक्यावरचे ओझे वाढले आहे, आणि ते ओझे ठेवणारे आपणच आहोत.

सोलापूरकराला तरी हे समजावून सांगायची गरज पडू नये. ज्या चादरीने या गावाचे नाव घरोघरी नेले, ती विणणाऱ्या मागांची वये कधी कोणी विचारली आहेत काय? माग अडखळला की कारागीर धोटा बघतो, पट्टा बघतो, तेल घालतो. ‘सूत तुटले, नवा माग घ्या’ असे म्हणणाऱ्याला त्याने बाहेरचा रस्ता दाखवला असता. मग हाच न्याय कॉम्प्युटरला का नाही?

तर आधी नाडी धरू. मशीन सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. तिच्यात ‘स्टार्टअप’ म्हणून एक पान आहे. कॉम्प्युटर सुरू होताना आपणहून कोण कोण जागे होते, त्याची ती यादी. ती उघडून बघा आणि मग सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा डबा आठवा. प्रवासाला निघालेला एक आणि पोचवायला आलेले अकरा, आणि गाडी हलली तरी त्यातले सात बर्थवर बसून चकल्या खात आहेत! गाणी वाजवणारा प्रोग्रॅम, सहा महिन्यांपूर्वी एकदाच वापरलेली मीटिंग, कधीच मोडीत निघालेल्या प्रिंटरचा मदतनीस, सगळे सकाळपासून हजर. कोणामुळे किती खोळंबा होतो तेही समोरच ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ असे लिहिलेले असते. ज्याचे नाव ओळखीचे आहे आणि ज्याची सकाळी उठल्याउठल्या गरज नाही, त्याला ‘डिसेबल’ म्हणावे. याने प्रोग्रॅम मरत नाही. बोलावल्याशिवाय येत नाही, इतकेच. अशी सोय नातेवाइकांच्या बाबतीत नाही, याचे वाईट वाटते.

दुसरी गोष्ट रॅमची. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओटा चार जीबीचा आणि त्यावर मांडलेली भांडी सहा जीबीची झाली, की कॉम्प्युटर काही भांडी माळ्यावर ठेवतो आणि लागतील तशी उतरवतो. वर ठेव, खाली काढ, पुन्हा वर ठेव. आमटीला फोडणी देताना मोहरीच्या डब्यासाठी दर वेळी शिडी लावणाऱ्या बाईला ‘तू मंद आहेस’ म्हणायची कोणाची छाती आहे? ब्राउझरमध्ये चोवीस पाने उघडी ठेवणारे गृहस्थ मात्र कॉम्प्युटरला बिनदिक्कत मंद म्हणतात.

तिसरी गोष्ट नट्टापट्ट्याची. खिडकी उघडताना ती हळूच उमलते, मिटताना विरघळते, खाली सावली पडते. हे सगळे लावण्य तो बिचारा गणिते करकरून उभे करीत असतो. सिस्टीमच्या ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर ‘परफॉर्मन्स’ म्हणून भाग आहे. तिथे ‘ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ निवडले की हा सगळा साज उतरतो. फक्त ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ पुढची खूण तेवढी ठेवावी. नाहीतर देवनागरी अक्षरे उंदराने कुरतडल्यासारखी दिसतात.

चौथी गोष्ट ऐकून पुष्कळांना धक्का बसेल. रोज रात्री शिस्तीत ‘शट डाऊन’ करणारी माणसे आहेत. ‘त्यालाही विश्रांती हवी’ असे ती कनवाळूपणे म्हणतात. पण २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आहे. ती चालू असली, की शट डाऊन करताना विंडोजचा गाभा पुसला जात नाही. तो जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. म्हणजे कालचा गोंधळ आज पुढे चालू. पाटी खरोखर कोरी व्हायला ‘रीस्टार्ट’च करावे लागते. आठवड्यातून एकदा केले तरी पुरे.

आणि पाचवी गोष्ट कुठल्याही सेटिंगमध्ये सापडणार नाही. ती खोक्याच्या आत आहे. मे महिन्यात आमच्या गावचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. त्या उन्हात पंख्याच्या पात्यांवर वर्षानुवर्षांची धूळ बसलेला प्रोसेसर तापला, की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. दुपारी बारा ते चार सोलापूरही हेच करते. मशीन बंद करून, वायर काढून ती धूळ हलक्या हाताने साफ करावी. निम्मे वृद्धत्व ब्रशावर निघून येते.

आता या शहाण्या उपायांच्या जोडीने जे अघोरी उपाय चालतात, त्यांचा समाचार घेतल्याशिवाय मला राहवत नाही.

पहिला पंथ रिफ्रेशवाल्यांचा. भारतातल्या कुठल्याही माणसाला कॉम्प्युटरपुढे बसवा. तो आधी उजवे बटण दाबून चार वेळा ‘रिफ्रेश’ करील आणि मगच कामाला लागेल. देवळात शिरताना घंटा वाजवावी तसे. त्या रिफ्रेशने पडद्यावरची चित्रे पुन्हा काढली जातात, बाकी काही होत नाही. रॅम रिकामी होत नाही, वेग वाढत नाही. घंटेने निदान देव तरी जागा होतो.

दुसरा पंथ फुकट क्लीनरवाल्यांचा. हे सॉफ्टवेअर उतरवून घेतले, की ते लाल अक्षरांत ‘आपल्या मशीनमध्ये १,३४७ दोष आहेत’ असे ओरडते. रजिस्ट्री साफ करून देतो म्हणते. रजिस्ट्रीतल्या चार पडक्या नोंदी पुसून वेगात डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाही. नको ती नोंद पुसली गेली तर मात्र विंडोज उठायलाच नकार देते. असली रजिस्ट्री-सफाईची साधने वापरण्याला आपला पाठिंबा नाही, असे खुद्द विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेले आहे. शिवाय हा क्लीनर स्वतः स्टार्टअपच्या यादीत पहिल्या नंबरावर जाऊन बसतो! झाडूवालीने झाडून झाल्यावर घरातच बिऱ्हाड करावे, त्यातला प्रकार.

तिसरा पंथ गुप्तविद्यावाल्यांचा. ‘एमएसकॉन्फिग उघडा, तिथे प्रोसेसरची संख्या चार करा, वेग चौपट!’ अहो, विंडोज मुळातच सगळे प्रोसेसर वापरते. ती जागा संख्या वाढवायची नसून चाचणीसाठी कमी करायची आहे. चार बैलांच्या गाड्याला ‘चार बैल’ अशी पाटी लावली म्हणून आठ होत नाहीत.

चौथा पंथ सर्वांत घातकी. ‘अँटिव्हायरस बंद करा, अपडेट बंद करा, मशीन पळायला लागेल.’ पळेल ना! कुलूप लावण्यात वेळ जातो म्हणून दार सताड उघडे टाकून निघालेला माणूसही स्टेशनवर लवकरच पोचतो.

एवढे सगळे करूनही मशीन रेंगाळत असेल, तर मग दोष बहुधा फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. ती मिनिटाला ७,२०० फेरे घेत असली, तरी तिच्यावरचे एक विखुरलेले टिपण शोधायला तिच्या दांडीला सेकंदाचा साधारण शंभरावा हिस्सा लागतो. म्हणजे सेकंदाला शंभरएक टिपणे. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. ती हजारोंनी देते. नव्या मशीनच्या किमतीच्या लहानशा हिश्शात ती जुन्या खोक्यात बसते. ‘नवा घ्या’ म्हणणाऱ्याने आधी ‘डिस्क बदला’ म्हणायला हवे होते. पण त्यात त्याला काय सुटणार!

आता विरोधी पक्षाचेही ऐकू. ते म्हणतील, ‘वेगाचे सोडा, सुरक्षिततेचे काय?’ हा मुद्दा खरा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती वापराला सुरक्षेचे जादा अपडेट देण्याची योजना जाहीर झाली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. आणि २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ने दाराशीच अट घातली. टीपीएम २.० हवे आणि प्रोसेसर मंजूर यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१६ सालचे धडधाकट मशीन पाचव्या वर्षीच पंगतीतून उठवले गेले. सुरक्षेसाठी नव्या चिपा हव्यात हे मान्य. पण ज्याच्या घरात ती चिप नाही त्याचा चालता संगणक भंगार ठरवायचा, हा न्याय मला मान्य नाही. बँकेचे व्यवहार अपडेट बंद झालेल्या मशीनवर करू नयेत, हे मीही ओरडून सांगेन. पण कामे काय बँकेचीच असतात? शिवाय लिनक्स मिंट फुकट मिळते, दोन जीबी रॅमवर उभे राहते आणि त्याला नवे अपडेटही मिळतात. टॅलीसारखा विंडोजचा प्रोग्रॅम तिथे सरळ चालत नाही, ही अडचण आहे. पण पत्र लिहायला, हिशेब मांडायला, वाचायला काय हरकत आहे?

हे सगळे इतक्या पोटतिडकीने मी का सांगतो आहे? आमच्या गल्लीच्या टोकाला एक मुलगी आहे. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. तिला मराठी टायपिंगची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा द्यायची होती. कोणीतरी ‘स्लो आहे’ म्हणून टाकलेला एक कॉम्प्युटर तिच्या घरी आला. धूळ झाडली, आगंतुक हाकलले, इंटरनेटची तार जोडलीच नाही. त्या खोक्यावर तिने बोटे बसवली आणि परीक्षा पास झाली. आता तुम्हीच हिशेब करा. तिची बोटे मिनिटाला ३० शब्द मारणारी आणि तो प्रोसेसर सेकंदाला तीनशे कोटी ठोके घेणारा. त्याला मंद म्हणणाऱ्याने आपल्या बोटांना काय म्हणावे? पण ‘नवा घ्या’ या मंत्राने धसका खाऊन तिच्या वडिलांनी चाळीस हजारांचे कर्ज काढले असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘राहू दे टायपिंग’ म्हटले असते. हा मंत्र ऐकायला विनोदी आहे, पण तो कोणाच्या खिशाला लागतो ते बघून हसावे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वय विचारण्याआधी यादी उघडा. यादीनंतर ओटा बघा, नट्टापट्टा उतरवा, रीस्टार्ट करा, धूळ झाडा, जमल्यास डिस्क बदला. एवढ्यावरही तो उठला नाही तर खुशाल नवा घ्या. मी पेढे खायला येईन. जुना मात्र भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकू नका. अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या.

आमच्या मशीनवर हे सारे प्रयोग मी स्वहस्ते केले. डिस्कही बदलली. पूर्वी चांगली सहा-सात मिनिटे घेणारा तो आता अर्ध्या मिनिटात उठून उभा राहतो. या पराक्रमाचे घरात कौतुक व्हावे या अपेक्षेने मी सौ.ला हाक मारली. ती हात पुसत आली, तिने पडद्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाली,

“झाला होय लगेच सुरू? आता मेथी कोण निवडणार?”