आदेश छापा!



आपल्या भागातलं नेट परवा पुन्हा बंद करण्यात आलं. त्या काळात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा उठेना, म्हणून बायका रिकाम्या पिशव्या घेऊन परतल्या. रोजगार हमीच्या कामावरचा हजेरीचा फोटो ॲपवर चढेना. भाजीवाल्याचा क्यूआर कोड नुसता शोभेला. हे सगळ्यांनीच सोसलंय, म्हणून नेटबंदी वाईट की चांगली यावर इथे शाई घालवत नाही. आमचं भांडण वर्तमानपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या एका सवयीशी आहे.

ती सवय अशी. पहिल्या पानावर दगडफेक, आतल्या पानावर नेत्यांचं शांततेचं आवाहन, आणि बातमीच्या शेपटाला एक ओळ: 'खबरदारीचा उपाय म्हणून इंटरनेट सेवा तात्पुरती बंद ठेवण्यात आली आहे.' बंद ठेवली कोणी? कोणत्या कायद्याखाली? किती तालुक्यांत? कधीपर्यंत? आदेशावर सही कोणाची? पत्ता नाही. भारनियमनाची बातमी याहून सविस्तर असते. तिच्यात निदान फीडरचं नाव आणि वेळ तरी देतात.

आता नियम सांगतो, आणि सावकाश सांगतो, म्हणजे 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायला नको. २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्यात नेट बंद करण्याचा आदेश काढायचा तो गृहसचिवाने. अगदीच अडलं, तर आधी अधिकार दिलेल्या, सहसचिवापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याने. जिल्ह्यातल्या कुणा साहेबाने फोन केला म्हणून टॉवर बंद व्हायचे नसतात, निदान कागदावर तरी. २०२० च्या दुरुस्तीने एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस ठरली. २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले, त्यांत आदेश कारणांसह प्रसिद्ध करायला सांगितलं आहे.

हे प्रसिद्ध करण्याचं बंधन आलं कुठून? सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२० च्या निकालातून. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरचं नेट तोडलं, तेव्हा श्रीनगरच्या सरकारी मीडिया सेंटरात मोजक्या संगणकांपुढे पत्रकार रांगा लावून बातम्या पाठवत होते. 'काश्मीर टाइम्स'च्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन यांनी याचिका केली. निकालात न्यायालयाने सांगितलं की आदेश जाहीर करा, बेमुदत बंदी चालणार नाही, ठरावीक काळाने फेरआढावा घ्या. त्या निकालाने काश्मीरचं नेट लगेच सुरू झालं नाही हेही खरं. फोरजी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. पण आदेश मागण्याचा हक्क एका संपादकाने कोर्टात भांडून मिळवला, आणि तिच्याच व्यवसायातले लोक तो वापरत नाहीत. दर ६ जानेवारीला 'दर्पण'च्या नावाने पत्रकार दिन साजरा होतो, बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार पडतो, निर्भीड पत्रकारितेवर भाषणं होतात. पुढच्या नेटबंदीला बातमी पुन्हा प्रेसनोटबरहुकूम!

एका ओळीने असं काय बिघडतं? ऐका. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने अहवाल दिला. त्यात निघालं की देशात किती वेळा नेट बंद केलं, याची नोंद ना दूरसंचार विभागाकडे, ना गृह मंत्रालयाकडे. बंदीने दंगल खरंच थांबते का, याचा अभ्यासही सरकारने केलेला नाही. मग मोजतं कोण? बाहेरच्या संस्था, त्याही बऱ्याचशा वर्तमानपत्रांच्या बातम्या चाळून. 'ॲक्सेस नाऊ'ने २०२३ साली भारतात ११६ वेळा नेट बंद झाल्याचं मोजलं, जगात सर्वांत जास्त. म्हणजे सरकार टिपून ठेवत नाही, आणि जे टिपण्यासाठी पगार घेतात ते शेपटाला एक ओळ टाकतात. अमरावती नोव्हेंबर २०२१, अकोला मे २०२३, कोल्हापूर जून २०२३, सातारा सप्टेंबर २०२३: यांतल्या एका तरी आदेशाचा पूर्ण मजकूर आपल्या कात्रणांत शोधून दाखवा.

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं: 'दोन दिवस मोबाइल नसला तर मरता का?' हे म्हणणाऱ्यांच्या कचेरीतली लीज लाइन बहुधा चालू असते. त्यांना उत्तर देण्यात अर्थ नाही.

दुसरं उत्तर गंभीर आहे: 'अफवा पसरतात, माणसं मरतात.' मरतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. अफवा मोबाइलवरूनच फिरली होती. पण अफवा ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तिचा खुलासाही जायला हवा. ती वाट बंद केली की उरते कुजबुज. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईत कोणाच्या खिशात मोबाइल नव्हता, तरी त्या दंगलींतल्या मृतांचा आकडा श्रीकृष्ण आयोगाने ९०० दिला. आणि मणिपूर? ३ मे २०२३ ला तिथल्या हिंसाचारात मोबाइल इंटरनेट बंद झालं. ४ मेला दोन स्त्रियांची नग्न धिंड काढली गेली. पोलिसांकडे तक्रार झाली होती, तरी देश खवळला तो १९ जुलैला, चित्रफीत बाहेर आल्यावर. मधले ७६ दिवस खबरदारी नेमकी कोणाची घेतली जात होती?

तिसरं उत्तर मोठ्याने कोणी देत नाही. सरकारी जाहिराती. तालुक्याच्या वार्ताहराला तर पगारही नसतो, जाहिरातीच्या कमिशनवर त्याची चूल पेटते. त्याच्यावर आमचा राग नाही. पण वरच्या मजल्यावर बसून त्याच्या बातमीतला प्रश्न खोडणाऱ्या लाल पेनवर आहे.

म्हणून वर्तमानपत्रांकडे मागणी एकच. नेट बंद झालं की दुसऱ्या दिवशी चौकट हवी: आदेश क्रमांक, तारीख, सही करणाऱ्याचं पद, कायद्याचा आधार, भाग, मुदत, कारण. आदेश मिळाला नसेल तर 'मागितला, दिला नाही' असं छापा. बंदी उठल्यावर विचारा की फेरआढाव्याची बैठक झाली का, काय ठरलं. हे छापायला ना शौर्य लागतं, ना तुरुंगात जायची तयारी.

संपादक जागा नाही म्हणतील. ज्या अंकात भावी आमदारांच्या वाढदिवसाला अख्खं पान मिळतं, त्या अंकात सात ओळींची चौकट बसत नसेल, तर ते पानच त्यांच्यापुढे धरा आणि जागा बोटाने दाखवा. पत्रक वाचून झालं की आपल्या गावच्या वार्ताहराकडे द्या. पुढच्या बंदीला त्याच्या उपयोगी पडेल.