सतरा मजले आणि शिडी नसलेला मनोरा

जळगाव महापालिकेच्या सतरा मजली इमारतीत वरच्या मजल्यावर उभे राहिले की मेहरूणचा तलाव ताटाएवढा दिसतो. पाहणारा हरखून जातो. वस्तीतली तुंबलेली गटार, नळावरची रांग मात्र तेथून दिसत नाही.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. एकेक जात हा त्याचा एकेक मजला; पण वर-खाली जायला शिडीच नाही.

शिडी लावली ती संविधानाने. ७४ व्या घटनादुरुस्तीमुळे १९९३ पासून नगरपालिका-महापालिकांत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा मिळाल्या. आपली माणसे सभागृहात पोहोचली. पुढे काय?

याच शहरात झोपडपट्टीवासीयांसाठी घरकुल योजना निघाली आणि तिच्यात घोटाळा झाला. गुन्हा २००६ साली नोंदला गेला. २०१९ साली धुळ्याच्या विशेष न्यायालयाने दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवले. अपील हा आरोपींचा हक्क आहे. वकील म्हणून तो मला मान्य आहे. पण या तेरा वर्षांत पत्र्याखाली भिजणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर आले काय? शिक्षेने घर बांधून होत नाही.

म्हणून राखीव जागेवर निवडून गेलेल्यांना वस्तीने जाब विचारला पाहिजे. मागासवर्गीयांसाठीचा निधी कोणत्या गल्लीत खर्च झाला? उत्तर मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, अर्ज करा. बाबासाहेबांची शिडी चढणाऱ्याला खाली उतरून हिशेब द्यावाच लागेल.