घाटात उघडं पडणारं तेल
मलकापूरहून बुलढाण्याला येताना राजूर घाटात ऑटोमॅटिक गाडीच्या इंजिनाचा आवाज चढत असेल, पण वेग वाढत नसेल, तर सगळा दोष चढाला देऊ नये. गिअरबॉक्समधलं तेल घटलं की दाब पडतो, आतल्या क्लचप्लेटा घसरतात, गिअर उशिरा आणि झटक्यानं पडतो. ‘तेल आयुष्यभराचं, बघायचं काय?’ असं काही जण म्हणतात. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, हे खरं. पण कमी झालं म्हणजे कुठून तरी गळालं, आणि म्हणूनच नुसती भर घालणं हा उपाय नव्हे. मॅन्युअल गाडीत अशी घसरण बहुधा झिजलेल्या क्लचप्लेटची (तिथे तेल घटल्याचं ओळखायला कान गिअरबॉक्सच्या घरघरीकडे हवा). गळती शोधताना गाडीखाली दिसलेला लालसर, तेलकट डाग मात्र एसीच्या पाण्याचा असूच शकत नाही.